नकारामागची अडचण

चेन्नईला गेलेलं मराठी कुटुंब टी. नगरला गेल्याशिवाय सहसा परत येत नाही. कांजीवरमची मोठाली दुकानं, पाँडी बाजारातली गर्दी, हातात न मावणाऱ्या पिशव्या. या टी. नगरमधला 'टी' म्हणजे त्यागराय. सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे जस्टिस पार्टीच्या संस्थापकांपैकी एक आणि मद्रास पालिकेचे अध्यक्ष. त्यांच्या नावाची पेठ सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांचा एक ठराव फारसा कुणाला ठाऊक नाही. तो १६ सप्टेंबर १९२० रोजी पालिकेच्या सभेत मंजूर झाला. थाउजंड लाइट्स भागातल्या पालिकेच्या शाळेतल्या मुलांना टिफिन, म्हणजे मधलं खाणं द्यावं आणि त्यावर दर मुलामागे रोज एक आण्यापेक्षा जास्त खर्च करू नये, असा तो ठराव. कारण साधं होतं. तिथली मुलं गरीब होती आणि त्यामुळे शाळेचा पट रोडावत होता.

या ठरावातला विचार मला फार मोठा वाटतो. मुलं शाळेत येत नाहीत, तर त्यांच्या आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटवून द्या, हा मार्ग तेव्हाही सर्वांना सुचत असणार. आजही पहिल्यांदा तोच सुचतो. मद्रास पालिकेने मात्र आईबापांना पटवण्याच्या आधी मुलाच्या पोटाकडे पाहिलं. पुढे आणखी चार शाळांत हे खाणं सुरू झालं आणि दोनेक वर्षांत त्या शाळांचा पट जवळजवळ दुप्पट झाला. मग सरकारी नियम आडवा आला. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून खाण्यावर खर्च करता येणार नाही, असं ठरलं आणि १ एप्रिल १९२५ पासून खाणं बंद पडलं. फळा, खडू, मास्तरांचा पगार हे शिक्षण आणि मुलाच्या पोटात दोन घास घालणं हे शिक्षण नाही, असा हिशेब त्या नियमामागे होता. तो हिशेब कागदावर अगदी चोख असेल, पण तो शिकायला आलेल्या मुलाकडे पाहून केलेला नव्हता.

एखाद्याचं मन वळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आपल्याला रोज पडतो. घरात पडतो, कचेरीत पडतो, सोसायटीच्या बैठकीत पडतो. समोरचा 'नाही' म्हणाला की आपली समजूत अशी होते की त्याला अजून नीट कळलेलं नाही. मग आपण पुन्हा समजावतो. दाखले देतो, चार जणांची नावं घेतो, शेवटी आवाज चढवतो. तो गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं, पटलं. दुसऱ्या दिवशी तो जिथे होता तिथेच असतो. खरी गोष्ट अशी असते की पहिल्याच वाक्यात त्याला सगळं कळलेलं असतं. कळून तो 'नाही' म्हणालेला असतो, कारण त्याच्या वाटेत काहीतरी आडवं पडलेलं असतं. ते तो सांगत नाही. कधी लाज वाटते म्हणून, कधी सांगून उपयोग नाही हे अनुभवाने ठाऊक असतं म्हणून, आणि पुष्कळदा तर त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मोतीबिंदूचं घ्या. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलेला म्हातारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो. ऑपरेशन म्हटलं की तो 'आता कशाला, चाललंय ते बरंय' म्हणतो. घरचे चिडतात, भित्रा म्हणतात, हट्टी म्हणतात. डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून या 'नाही'शी त्यांच्या लोकांची रोज गाठ पडत आली. शस्त्रक्रिया फुकट करूनही खेड्यातली माणसं येत नव्हती. फुकट असूनही का येत नाहीत, हे त्यांनी तपासलं. उत्तरं अगदी बारीकसारीक निघाली. गावापासून शहरापर्यंत जायचं कसं? बसचे पैसे कोण देणार? तिथे जेवायचं कुठे? सोबत मुलगा आला तर त्याचा रोज बुडणार, तो कोण भरून देणार? मग त्यांनी गावात शिबिर घ्यायचं, तिथूनच गाडीत बसवून न्यायचं, जेवू घालायचं, शस्त्रक्रिया करायची आणि गावात परत आणून सोडायचं अशी रीत बसवली. शेजारच्या चार जणांबरोबर जायचं असल्यामुळे घरचं माणूस सोबत न्यायची गरज उरली नाही. एक जण दृष्टी घेऊन परत आला की पुढच्या शिबिराला त्याच आळीतले आणखी दोघं येत. त्या माणसांना डोळ्याचं मोल समजावून सांगावं लागलं नाही. न दिसणाऱ्याइतकं ते कुणाला कळणार!

मद्रासकडे परत येऊ. १९५४ ते १९६३ या काळात तिथे के. कामराज मुख्यमंत्री होते. विरुदुनगरचा हा माणूस. बाप लवकर गेला आणि शाळा लहानपणीच सुटली. त्यांची एक गोष्ट तमिळनाडूत घरोघरी सांगतात. दौऱ्यावर असताना त्यांना गुरं राखणारा एक पोरगा दिसला. गाडी थांबवून त्यांनी विचारलं, शाळेत का जात नाहीस? पोरगा म्हणाला, शाळेत गेलो तर जेवायला कोण देणार? कामराजांनी विचारलं, जेवण मिळालं तर येशील? तो म्हणाला, येईन. गोष्ट सांगोवांगी थोडीफार बदलली असेल. पण तिच्यातला दुसरा प्रश्न पाहण्यासारखा आहे. पहिला प्रश्न आपणही विचारतो. 'शाळेत का जात नाहीस?' या प्रश्नात नकळत दरडावणी असते. दुसऱ्या प्रश्नात ती नाही. पोराने जे कारण सांगितलं ते खरं मानून विचारलेला तो प्रश्न आहे. उत्तर मिळाल्यावर कामराजांनी त्याला ज्ञानाचे चार शब्द ऐकवले नाहीत. १९५६ साली कवी भारतींच्या एट्टयपुरम गावातून त्यांनी शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा उपक्रम हाती घेतला. थोडा भार सरकारने उचलला, थोडा गावांनी. ज्यांच्या घरी धान्य होतं त्यांनी धान्य दिलं. पुढे मुलांना गणवेशही दिला, म्हणजे कुणाच्या अंगावरच्या फाटक्या कपड्यामुळे त्याला शाळेची लाज वाटू नये.

कामराजांच्या आधी मुख्यमंत्री होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. राजाजी युक्तिवादात कुणाला हार जाणारे नव्हते. त्यांची बुद्धी, त्यांचं इंग्रजी, त्यांचं तमिळ, सगळंच तेजस्वी. मुलं शाळेत का येत नाहीत याचं एक उत्तर त्यांच्याकडेही होतं. मुलाचे हात घरच्या कामाला लागतात म्हणून आईबाप त्याला पाठवत नाहीत. यावर १९५३ साली त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी योजना काढली. शाळा तीन तासांची करायची आणि उरलेला वेळ मुलाने बापाच्या धंद्यात घालवायचा. शाळेचे दोन पाळ्यांत वर्ग भरतील, त्याच इमारतीत दुप्पट मुलं शिकतील आणि घरचं कामही अडणार नाही. वरवर पाहिलं तर त्यांनीही आईबापांची अडचणच दूर केली होती. पण ज्यांची अडचण, त्यांना ती योजना फाशासारखी वाटली. चांभाराच्या मुलाने अर्धा दिवस चामडं हाताळायचं आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरायचा, तर मग शाळा कशासाठी? बापाचा धंदा सुटावा याचसाठी तर मुलगा शाळेत घालायचा होता. पेरियारांनी रान उठवलं, द्रमुकने उठवलं, खुद्द काँग्रेसमध्ये कामराजांचा विरोध होता. राजाजींनी पद सोडलं आणि १९५४ साली नव्या सरकारने ती योजना रद्द केली.

राजाजींच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण अडचण ओळखण्यातही दोन प्रकार असतात, हे इथे दिसतं. एकात आपण खुर्चीत बसून समोरच्याची अडचण काय असेल ते ठरवतो. दुसऱ्यात आपण त्याला विचारतो आणि तो सांगेल ते ऐकतो, मग ते आपल्या अंदाजाशी जुळो न जुळो. पहिल्यात फार मोठी बुद्धीही चुकू शकते. दुसऱ्यात सहावीत शाळा सुटलेल्या माणसालाही नेमकं कळतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली आणि त्याबरोबर खालच्या थरातल्या मुलांना शिष्यवृत्त्या, बक्षिसं देऊन शाळेची ओढ लावा असंही सांगितलं. सक्ती आणि ओढ दोन्ही त्यांना हव्या होत्या. पुढे सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. नामदार गोखल्यांनी १९११ साली तसंच विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडलं आणि ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात कायदा करून जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड लावला.

त्या काळात रुपया ही खेड्यात लहान रक्कम नव्हती. या दंडाचं मला मोल वाटतं. तुझं मूल ही केवळ तुझी मालमत्ता नाही, त्याच्या शिकण्याची काळजी राज्यालाही आहे, हे त्या एका रुपयाने गावोगाव सांगितलं. पण शाहू महाराज दंडावर थांबले असते तर त्यांचं नाव आज आपण या आदराने घेतलं नसतं. दंडाच्या कायद्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली होती. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्य मानलेल्या मुलांचं. शहरात शिकायला यावं तर राहायचं कुठे आणि खायचं काय, ही खेड्यातल्या पोराची अडचण त्यांना ठाऊक होती. भाऊराव पाटलांनी तेच पुढे नेलं. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र मोडलं, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. त्या दिवशी पोरांना जेवायला मिळालं नसतं तर ती एकेक करून घरी गेली असती, आणि मग त्यांना परत आणायला कुठलंही भाषण पुरं पडलं नसतं.

पण नकारामागची अडचण हुडकण्याचं काम मराठी माणसांनी सगळ्यात खोलवर जाऊन कुठे केलं असेल तर ते बोर्डीला आणि कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि १९५७ साली काम कोसबाडला गेलं. भोवती वारली पाडे. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून मुलांच्या दारात नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं. आधी पोरांचे चिकटलेले डोळे धुवायचे, नाक पुसायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, आणि मग खेळ. खेळायला काय, तर खडे, शंख-शिंपले, पानं, चिंचोके, काड्या. मोजायचं तेही त्यांच्यावर आणि रंग ओळखायचे तेही त्यांच्यावरच. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिचं मूळ या अंगणात आहे. दिल्लीतल्या कुठल्याही कागदावर अंगणवाडी हे नाव उमटण्याच्या खूप आधी अनुताई तिथे मुलांची नखं कापत बसलेल्या होत्या.

थोडी मोठी पोरं गुरांमागे जात. त्यांना 'गुरं सोडून शाळेत या' म्हणणं म्हणजे घरचं एक माणूस कमी करा म्हणण्यासारखं होतं. मग शाळा कुरणात गेली. गुरं चरतायत आणि झाडाखाली पोरं शिकतायत, अशी ती कुरणशाळा. सात-आठ वर्षांच्या मुलींची गोष्ट आणखी वेगळी होती. तिच्या कडेवर धाकटं भावंड असे. आई कामावर गेलेली. कडेवरचं मूल कुठे ठेवायचं, हीच तिची सारी अडचण. म्हणून कोसबाडच्या त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी मांडली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई पाटी घेऊन वर्गात. मला या रचनेपुढे हात जोडावेसे वाटतात. त्या मुलीला शाळा नको होती असं कितीतरी मास्तरांनी शेऱ्यात लिहिलं असेल. तिला शाळा नको नव्हती. तिचे हात मोकळे नव्हते.

अडचण अर्धवट समजली तर काय होतं, याचाही एक दाखला आपल्याच शाळांमध्ये आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना आली आणि बहुतेक राज्यांनी तिची अंमलबजावणी अशी केली की हजेरी भरलेल्या मुलाच्या घरी महिन्याला तीन किलो धान्य द्यायचं. महाराष्ट्रातही मुलं तांदळाची पिशवी घेऊन घरी जात. ते धान्य घरादारात वाटलं जाई, आणि ते बरोबरच होतं, भूक साऱ्या घराला होती. पण मुलाच्या रिकाम्या पोटाचा प्रश्न रोज दुपारी बारा वाजता वर्गात उभा राहायचा, आणि तांदूळ महिन्यातून एकदा यायचा. तमिळनाडूत तोवर शिजवलेलं जेवण रुळून गेलं होतं. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन, म्हणजे एमजीआर, यांनी १ जुलै १९८२ रोजी तिरुचिरापल्लीजवळच्या पाप्पाकुरिची गावातून सत्तुणवु, म्हणजे सकस आहाराची योजना सुरू केली होती. तिच्यासाठी हजारो स्वयंपाकिणी, मदतनीस नेमल्या गेल्या आणि त्यांत विधवा, टाकलेल्या बायकांना जागा मिळाली. अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, तेव्हा आपल्या शाळांच्या आवारात खिचडीची पातेली चढली.

एमजीआरांवर तेव्हा टीका झाली की हे मतांसाठी टाकलेलं आमिष आहे. टीकेत अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, राजकारणी माणूस मतांचा विचार करणारच. पण आमिष आणि आधार यांतला फरक देणाऱ्याच्या मनात शिरून कळत नाही. घेणाऱ्याचं पुढे काय होतं त्यावरून तो कळतो. गळाला लावलेलं खाल्लं की मासा अडकतो. शाळेत जेवलेलं मूल वाचायला शिकतं, बेरीज-वजाबाकी करतं आणि उद्या ज्याने ताट वाढलं त्यालाच जाब विचारण्याइतकं मोठं होतं. माझ्यापुरता मी हा निकष धरला आहे. कुणी माझं मन वळवायला आलं की मी पाहते, याचं ऐकल्यावर मी आजच्यापेक्षा मोकळी होणार आहे की बांधली जाणार आहे?

चेन्नईतल्या पालिकेच्या एका शाळेत सकाळच्या न्याहारीची पंगत मी पाहिली आहे. तेव्हा मुख्यमंत्री असलेले स्टालिन एकदा शहरातल्याच अशोक नगर भागातल्या मुलींच्या शाळेत गेले होते. सकाळी काय खाल्लंत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काही खाऊन येत नाही असं उत्तर मिळालं, ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. आई पहाटे धुण्याभांड्याच्या किंवा दुसऱ्या कामाला निघून जाते. दुपारचं जेवण शाळेत आहे, पण सकाळचे चार तास रिकाम्या पोटी. त्यातून १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत न्याहारीची योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. मी गेले त्या दिवशी वेण पोंगल होता. स्टीलच्या ताटल्या, वाफ येणारा मऊ पोंगल, वर पातळ सांबार. वाढणारी अक्का प्रत्येक ताटलीपुढे क्षणभर वाकत होती आणि 'साप्पिडु, कण्णा' म्हणत होती. खा रे बाळा. पहिलीतला एक मुलगा पोंगलातली मिरी एकेक करून बाहेर काढत होता आणि ताटलीच्या काठावर ओळीने मांडत होता. सगळी मिरी मांडून झाली, मग तो जेवायला लागला. घाई नव्हती त्याला. भुकेलेलं मूल असं सावकाश निवडत बसत नाही. त्याला उद्याही मिळणार हे माहीत झालेलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, पूर्वी पहिल्या तासाला मुलं बाकावर डोकं ठेवून पडायची. आम्ही ओरडायचो. आळशी आहेत असं वाटायचं आम्हाला.

मात्र सगळ्याच नकारांमागे अडचण असते असं म्हणून मी गोष्ट गुळगुळीत करणार नाही. त्याच तमिळनाडूत २०२३ साली काही ठिकाणांहून बातम्या आल्या की दलित बाईने रांधलेली न्याहारी आमची मुलं खाणार नाहीत असं पालक म्हणतायत. महाराष्ट्रातही शाळेतल्या खिचडीवरून असे प्रसंग घडलेले आहेत. इथे कुणाची गाडी चुकत नाही, कुणाचा रोज बुडत नाही, कुणाच्या कडेवर मूल नाही. इथे आहे तो माज. त्याला चुचकारायचं कशाला? तमिळनाडूतल्या लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी तेव्हा दोन्ही केलं. कुणी शाळेत जाऊन मुलांच्या पंगतीत मांडी घालून त्याच बाईच्या हातचं खाल्लं. कुणी पालकांना अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याची स्पष्ट शब्दांत जाणीव करून दिली. मला दोन्ही पटतं, आणि दुसरं जरा जास्त पटतं. शाहू महाराजांचा तो एक रुपया अशा जागी लागतो. कुठला नकार अडचणीतून आला आहे आणि कुठला मग्रुरीतून, हे ओळखायला वेळ लागतो. गरिबाच्या नकाराला आपण पटकन मग्रुरी म्हणतो आणि मातब्बराच्या मग्रुरीला 'त्यांच्या भावना' म्हणतो, हे मात्र रोज घडतं.

घरात याच गोष्टी लहान रूपात चालू असतात. सून नोकरीला जायचं म्हणते आणि सासू 'नको' म्हणते. सगळे सासूला जुन्या वळणाची ठरवून मोकळे होतात. तिचे गुडघे दुखतात आणि दिवसभर नातवामागे धावणं तिला झेपणार नाही, हे तिने कुणाजवळ बोलायचं? बोलली तर म्हातारी झाले हे कबूल करावं लागतं. मुलगा क्लासला जायला कुरकुरतो. बाप त्याला महिन्याची फी ऐकवतो. क्लासच्या वाटेवर त्याला चिडवणारी पोरं उभी असतात, ती बापाला दिसत नाहीत. अशा वेळी आणखी पाच मिनिटं समजावण्यापेक्षा, 'तुला काय आड येतंय?' एवढं विचारून गप्प बसणं जास्त कामाचं असतं. गप्प बसणं अवघड जातं. उत्तर लगेच येत नाही. पहिलं उत्तर बहुतेक वेळा खोटंच असतं, दुसरंही अर्धं असतं. खरं उत्तर पोळ्या लाटता लाटता किंवा गाडीवर मागे बसल्यावर, समोरासमोर डोळे नसताना येतं.

महाराष्ट्रात आज ज्या मुलांसाठी हा प्रश्न विचारायला हवा, ती ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि वैशाखाच्या तोंडाशी परततात. मधले पाच-सहा महिने मूल शाळेबाहेर. शिक्षक पालकांच्या घरी जातात, मनापासून सांगतात, पोराला मागे ठेवा, त्याचं वर्ष फुकट जाईल. पालक मान डोलावतात आणि पोराला घेऊन जातात. वर्ष फुकट जातं हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्यांचंही असंच गेलं होतं. घरी आजी असेल तर पोरगा राहतो, नसेल तर त्याला भाकरी कोण घालणार? आणि तेरा वर्षांच्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? या प्रश्नाला हंगामी वसतिगृह हे उत्तर आहे, ते सरकारला माहीत आहे आणि ती योजना कागदावर आहेही.

पण त्या घराची अडचण शाळेपेक्षा अधिक नेमकी जाणणारा आणखी एक माणूस आहे, तो म्हणजे टोळ्या जमवणारा मुकादम. तो ऐन पावसाळ्यात येतो. घरात दाणा नसतो, दवाखान्याचं देणं असतं, एखादं लग्न ठरलेलं असतं. तो शिक्षणाविषयी, उसाविषयी काही बोलत नाही. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, हातावर ठेवतो. नवरा-बायकोच्या कोयत्याचा सौदा तिथेच होतो, आणि त्या घटकेला मुलाचंही ठरून जातं. वसतिगृहाचं पत्रक दिवाळीत निघालं, गाद्या आणि धान्य टोळ्या गेल्यावर आलं, तर ते कुणासाठी आलं? उचल वाटली जाते त्याच आठवड्यांत, गौरी-गणपतीच्या आधी, शाळेने प्रत्येक घरी जाऊन वसतिगृहाची जागा दाखवली पाहिजे. तिथे रात्री कोण झोपणार, मुलींच्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार, आजारी पडलं तर फोन कुणाला करायचा, हे त्या आईला तोंडाने सांगितलं पाहिजे, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तिच्या ओट्यावरून उठता कामा नये.